विहारात खुर्ची नाही

६ डिसेंबर, शनिवार

खुर्ची! मला!

सकाळी अभिवादनाला विहारात गेलो. सगळी गल्ली जमली होती, पांढरे कपडे, मेणबत्त्या, सगळं दरसालसारखं. पंचशील घ्यायला खाली बसलो तो बसलोच. उठता येईना. उजवा गुडघा लाकूड झाला. दोन पोरांनी काखेत हात घालून उचललं – गुळाची ढेप उचलतात तसं. बायका बघत होत्या. वर हा आकाराम, विहाराचा सेक्रेटरी, माझ्याच हाताखाली तयार झालेला – पळत घरी गेला आणि लाल प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला!

"आबा, हितं मागं बसा. कुणाला दिसायचं न्हाय."

दिसायचं नाही म्हणे!

शेवटपर्यंत उभाच राहिलो. घरी येऊन नाडी मोजली. ९६.

७ डिसेंबर

राग उतरत नाही. लिहून बघतो. कारखान्यात एकतीस वर्षं पॅनमन होतो, उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरायचं काम. तासातासाला वहीत लिहायची सवय. सातवी नापास माणूस, पण अक्षर साहेबापेक्षा बरं.

विहारात खुर्ची नाही, हा नियम माझा. १९९६, माघ पौर्णिमा, उद्घाटनाचा दिवस. हंबीरराव आला होता, तेव्हाचा दूध सोसायटीचा चेअरमन. याच्याच सोसायटीत माझ्या आईचं दूध सगळ्यांच्या शेवटी मोजायचे, वेगळ्या किटलीत. दारात उभा राहिला. सतरंजीकडे बघितलं. म्हणाला, "खुर्ची न्हाय व्हय रं धोंड्या?"

मी म्हणालो, "हितं सगळी खालीच बसत्यात, चेअरमन. खुर्ची न्हाय."

वळला आणि गेला. त्या दिवसापासून विहारात खुर्ची आली नाही. आमदार आला तरी खाली. दर वर्धापनदिनाला ही गोष्ट मीच सांगतो, सतरंजीवर बसून. पोरं टाळ्या वाजवतात.

या १ फेब्रुवारीला तीस वर्षं होतात. आता काय खुर्चीवर बसून सांगू, की इथं खुर्ची नाही?

८ डिसेंबर

सूनबाईने, संघप्रियाने, परस्पर माझं नाव घातलं. गावातल्या नव्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांसाठी वर्ग आहे. सोमवार-बुधवार-शुक्रवार, दुपारी चार. यिन योग. चिनी नाव दिसतंय. "आबा, लई हळू असतंय. हिवाळ्यात सांध्यांना बरं. जावा की."

मला विचारलं कुणी? नाही!

१० डिसेंबर, बुधवार

गेलो. आमची ही, मीनाबाई, म्हणाली, "जावा बघू, घरात नुसतं धुसफुसतासा." म्हणून गेलो.

शिकवणारी तेजस्वी म्हणून पोरगी, सव्वीस-सत्तावीसची. पुण्याला शिकून आली. चौदा म्हातारे-म्हाताऱ्या, चौदा गाद्या, लोड, उशा, घोंगड्या. मला वाटलं लग्नाच्या बैठकीला आलो. म्हणते, मोजे काढू नका, पांघरूण घ्या, डोळे मिटा. तळव्याला तळवा लावून गुडघे बाजूला सोडायचे आणि पुढं वाकून पाच मिनिटं तसंच राहायचं. हे फुलपाखरू! मग पाय लांब करून पुढं वाकून पडायचं, ते सुरवंट! आधी फुलपाखरू आणि मग सुरवंट. उलटीच गंगा.

काही करायचंच नाही! पडून राहायचं! याला फी!

ती म्हणते, "काका, हिवाळ्यात निसर्ग आत ओढून घेतो. झाडं थांबतात. आपणही थोडं थांबायचं."

मी म्हणालो, "पोरी, हिवाळ्यात हंगाम असतो. कारखाना थांबला तर ऊस वाळतो."

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. एकतीस हिवाळे तिन्ही पाळ्यांत पॅनपुढं उभा राहिलो मी. गुडघे काय उगाच गेले?

१२ डिसेंबर

हंबीरराव!

त्याच वर्गात! बुधवारी आला नव्हता. ऐंशीला टेकलाय, मिशा पांढऱ्या, आवाज तोच. "काय धोंडीराम," म्हणाला. आता धोंडीराम! पूर्वी धोंड्या.

आणि बसला कुठं? भिंतीकडच्या बाकावर! आम्ही चौदा माणसं खाली गाद्यांवर आणि हा वर. तेजस्वी त्याला बाकावर बसवूनच जमेल तेवढं करून घेते. पाच मिनिटं डोळे मिटून मी त्याच्याच नावानं दात खात होतो. तीस वर्षं झाली. अजून खाली बसत नाही! चेअरमनकी गेली, सोसायटी गेली, मस्ती जाईना.

बरं वाटायला जातो की रक्तदाब वाढवायला?

१३ डिसेंबर

१५०/९४. सांगितलंच होतं.

१५ डिसेंबर

आज जाणार नव्हतो. पण मी नाही गेलो तर हंबीररावला वाटेल मी पळालो. गेलो.

एक मात्र पक्कं केलं. फेब्रुवारीच्या आत मांडी घालून खाली बसायचं आणि स्वतःचं स्वतः उठायचं. त्याच्या डोळ्यांदेखत.

१७ डिसेंबर

पाय गार पडतात. लकवा असाच सुरू होतो म्हणतात. मीनाबाईला सांगितलं तर म्हणते, "थंडी हाय, गारच पडणार. लकवा काय तुमच्यासाठी रांगेत उभा हाय व्हय?"

या घरात कुणाला काळजीच नाही.

१९ डिसेंबर

केलं वाटोळं. स्वतःच.

फुलपाखरात माझा गुडघा गादीपासून वीतभर वर राहतो. ती पोरगी गुडघ्याखाली उशी देते. म्हणते, उशीवर सोडून द्या, ओढ लागली की तिथंच थांबा. मी तिची पाठ फिरल्यावर उशी काढली आणि दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबला. बाकावरनं हंबीरराव बघत होता. आणखी दाबला.

आत काहीतरी चर्रकन झालं.

रिक्षातून घरी आलो.

२० डिसेंबर

गुडघा नारळाएवढा. खुर्चीवर बसवून संडासला नेतात. खुर्चीवर!

२४ डिसेंबर

पडून आहे. सकाळी अंथरुणातून धुरांडं दिसतं, मळीचा वास येतो. गारठा असा की पाण्याला हात लावू नये. सूज उतरतेय पण मन थाऱ्यावर नाही. समजा नाहीच बरा झाला? मग आयुष्यभर काखेत हात घालून उचलतील?

तेजस्वी बघायला आली होती. माझ्यावर ओरडली! नातीच्या वयाची! "काका, यिनमध्ये जोर लावायचा नसतो. शरीर उघडेपर्यंत वाट बघायची असते. तुम्हाला कुठल्या गाडीची घाई आहे?"

तिला कारण सांगणार नाही.

२९ डिसेंबर

आज मनात आलं ते लिहितो, कुणाला सांगणार नाही.

पॅनमध्ये दाणा धरताना घाई चालत नाही. रस दाटला की वाफ, पाणी, वाफ, पाणी – आणि थांबायचं. काचेवर थेंब घेऊन दिव्यापुढं धरायचा. दाणा आपल्या वेळेनं येतो. नव्या पोरानं घाई करून जास्त आटवलं की बारीक भुगा पडतो. त्याला आम्ही खोटा दाणा म्हणायचो. दिसायला दाणाच, पण साखर होत नाही. सगळं पाणी घालून विरघळवायचं आणि पहिल्यापासून.

एकतीस वर्षं मी पोरांना शिव्या दिल्या, "घाई कुणी सांगितली हुती रं तुला?" म्हणून. आणि स्वतः दोन हातांनी गुडघा दाबतोय. गाढव.

२ जानेवारी, शुक्रवार

परत गेलो. दोन उशा घेतल्या. स्वतःहून. तेजस्वी नुसती हसली. मला ते हसणंही आवडलं नाही.

हंबीरराव बाकावरून म्हणाला, "काय मर्दा, फुलपाखरू लंगडं झालं व्हय?"

"सुरवंट तरी खाली हाय," मी म्हणालो. "काही जण अजून बाकावरच हायत."

बरं वाटलं. पाच मिनिटं कशी गेली कळलं नाही.

७ जानेवारी

गुडघा एका उशीवर आला. जोर न लावता! चौथ्या मिनिटाला आपोआप सुटतो, कुणीतरी आतून गाठ सोडावी तसं. मान्य करायला जीव जातो, पण होतं.

पण आज दुसरंच डोक्यात घुसलं. माझ्या शेजारच्या गादीवर बनाबाई असते, आमच्याच गल्लीतली. विहाराच्या पायाचे दगड डोक्यावरून वाहिले तिने. निघताना मी सहज म्हणालो, "बनाबाई, एक तारखंला वर्धापनदिन हाय. या."

"मी? मी कुठली येती," म्हणाली. "चार वर्सं झाली विहारात आल्याली न्हाय मी. उशा-लोडाबिगर खाली बसाय येत न्हाय. आन् खुर्ची तुमी ठेवू देत न्हाय."

रागानं नाही म्हणाली. पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाली. मोजे चढवून निघून गेली.

चार वर्षं! आणि मला कळलंही नाही! मी समोर बसून गोष्ट सांगत होतो, टाळ्या मोजत होतो. मागं कोण नाही ते कोण मोजणार?

९ जानेवारी

आकारामला विचारलं, आणखी कोण येत नाही. त्यानं बोटांवर मोजलं. सात. "सांगितलं का नाहीस?" म्हटलं तर म्हणतो, "आबा, तुमास्नी कोण सांगणार?"

मी काय वाघ आहे? सगळे मेले माझ्या तोंडाला भितात आणि दोष मला!

१४ जानेवारी

हंबीररावनं वर्गात सगळ्यांना तिळगूळ वाटला. मलाही दिला. खाल्ला नाही. खिशात चिकटलाय.

१६ जानेवारी, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

आज तेजस्वी हंबीररावला म्हणाली, "काका, आज बाकावर एक पाय तरी फुलपाखरासारखा सोडू या." त्यानं पँटचा पाय वर ओढला. मी गादीवरून बघत होतो. मांडीपासून गुडघ्याच्या खाली, वीत-दीड वीत व्रण, जुन्या टाक्यांचा. गुडघा वाकतच नाही. नुसता खांब! लंगडतो ते वयामुळं, असंच मी समजत होतो.

ती म्हणाली, "अगं बाई! हे किती वर्षांचं?"

"पंच्याण्णवच्या दिवाळीतलं," तो म्हणाला. "राजदूत फटफटीवरनं उसात जाऊन पडलो. आत सळी हाय. तवापासनं खाली बसणं बंद."

पंच्याण्णवची दिवाळी!

आणि विहाराचं उद्घाटन शहाण्णवची माघ पौर्णिमा. तीन महिने!

त्याच क्षणी तेजस्वीच्या फोनची घंटी वाजली. "चला, वाका. पाच मिनिटं. आता कुणी हलायचं नाही."

वाकलो. तळव्याला तळवा, डोकं उशीवर. उठून ओरडावंसं वाटत होतं. तिचं एकच – जे येईल ते येऊ द्या, हलू नका. काय येऊ द्या? त्या उद्घाटनाला तो दारात उभा होता. चौकट धरून. मी आजवर सांगत आलो – ऐटीत चौकटीला हात लावून उभा होता. ऐटीत नाही. धरून उभा होता! एका पायावर! आणि मी भर गल्लीपुढं सांगितलं, खुर्ची नाही.

एकोणतीस वेळा सांगितली गोष्ट. एकोणतीस वेळा टाळ्या.

पाच मिनिटं एवढी मोठी असतात हे मला माहीत नव्हतं.

१७ जानेवारी

मीनाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"व्हय. मला ठावं हुतं."

"तुला ठाऊक होतं?"

"त्येची बायकू दळपाच्या गिरणीत भेटायची की. सांगायची, मालकाचा पाय गेला म्हणून. कुणाला बोलू नगो म्हणायची."

"आणि तू तीस वर्षं मला बोलली नाहीस?"

"काय बोलू? त्या दिशी घरी आलासा तवा किती खुश हुतासा. तुमच्या आईला मिठी मारलासा. म्हातारी रडली. तिच्या दुधाचं नाव काढून रडली. तिचं ते सुख मी काढून घिऊ व्हय?"

भांडण करायचं होतं. जमलं नाही. भाकरी करपली तेवढ्यावर ओरडलो.

२० जानेवारी

कुणावर चिडू? आधी सोपं होतं. हंबीररावावर चिडायचं. आता त्याच्यावर चिडलो की त्याचा पाय आठवतो, आणि पायाची कीव आली की आईची किटली आठवते. दोन्ही खरंच आहे. दोन्ही एका डोक्यात कसं ठेवायचं? याला काही आसन आहे का, विचारा त्या पोरीला!

२३ जानेवारी

हंबीररावाच्या घरी गेलो. माफी मागायला नव्हे. जाब विचारायला.

ओसरीवर उन्हाला बसला होता. मुलाला म्हणाला, "पावणं आल्यात, च्या सांग." मी बसलो. कप आला, सगळ्यांचा असतो तसाच. मी कपाकडे बघितलं हे त्यानं बघितलं.

मी म्हणालो, "त्या दिवशी पाय मोडलाय म्हणून सांगितलं का नाही? तोंड शिवलं होतं?"

"सोसायटीचं इलेक्शन हुतं," तो म्हणाला. "लंगडा चेअरमन कोण निवडून देतोय? डाक्टरला सुदिक गप ऱ्हा म्हणून सांगितल्यालं."

"मग मी आजवर खोटं सांगत होतो. तुमच्यामुळं!"

त्यानं चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "धोंडीराम, आता वय झालं, खरं सांगतो. पाय धड असता तरी मी बसलो नसतो. तुमच्या सतरंजीवर? तवा? न्हाय. पायाचं नुसतं निमित्त झालं. घरी येताना मला बरंच वाटलं, पाय हाय म्हणून सुटलो."

माणूस माफी मागायला लावत नाही आणि रागही धरू देत नाही!

"आणि आता?" मी विचारलं.

"आता बसावंसं वाटतंय, तर बसवत न्हाय."

उठताना म्हणाला, "दरसाल माझी गोष्ट सांगतोस म्हणं. एकदा ऐकाय येऊ काय?"

"या की. पण खुर्ची नाही," तोंडातून निघून गेलं. सवयीनं.

"ठावं हाय," तो म्हणाला.

२६ जानेवारी

हा खरंच आला तर? पोरांसमोर काय सांगू? पहिली गोष्ट सांगितली तर खोटी. पाय सांगितला तर आईचं दूध पुसलं जातं. नाडी ९८. छातीत धडधड. संघप्रिया म्हणते, "आबा, श्वास बघा नुसता." श्वास काय बघायचाय, दिसतोय तो, थंडीत वाफ होतेय.

२८ जानेवारी, बुधवार

बसलो!

वर्गात, लोडाशिवाय, उशीशिवाय. मांडी घातली. पाच मिनिटं बसलो आणि स्वतःचं स्वतः उठलो. एक हात जमिनीला, बस. तेजस्वीनं टाळ्या वाजवल्या. बनाबाई म्हणाली, "चला, आता तुमचा परश्न मिटला."

तुमचा म्हणाली.

घरापर्यंत तो शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचत आला.

३१ जानेवारी

आकारामला बोलावलं. म्हटलं, "उद्या किती खुर्च्या मिळतील?"

तो बघतच राहिला. "आबा, बरं हाय न्हवं?"

"बरं नाही! आठ आण! आणि गल्लीतले सगळे लोडही आण. असा तोंडाकडे बघू नकोस!"

१ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

भिंतीला आठ खुर्च्या होत्या. सातही जण आले, पण कुणी बसेना. नियम माझा ना! मांडी घालता येत असून मी पहिल्या खुर्चीवर बसलो. मग बनाबाई बसली. मग बाकीचे.

गोष्ट सुरू केली. आईच्या किटलीपासून, काही न गाळता. अर्ध्यात दारात हंबीरराव दिसला, चौकट धरून. मी उठलो, माझी खुर्ची पुढं केली. "बसा चेअरमन."

त्यानं मान हलवली. "लोड द्या," म्हणाला.

भिंतीला पाठ लावून, तो पाय तिरका सोडून, खाली सतरंजीवर टेकायला त्याला पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ विहारात कुणी हललं नाही.

उठवायला चौघे लागले. त्यात एक मी.